मुरायला ठेवलेली बाटली

जव्हारजवळच्या शिरपामाळाची ओळख इतिहासाने करून दिली आहे. १६६४ मध्ये सुरतेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा यांची आणि त्यांची भेट झाली, मानाचा शिरपेच दिला गेला आणि त्यावरून माळाला हे नाव पडलं, अशी आठवण इथे सांगितली जाते. आज या भागातून घाटावर जाणाऱ्या रस्त्यांवर वेगळी वर्दळ असते. भात आणि नागली घरात आली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरची माणसं त्र्यंबकच्या वाटेने नाशिककडे निघतात. पेठ, सुरगाणा, हरसूलकडचीही येतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात भल्या सकाळी टोळ्या उभ्या राहतात, बागायतदार येतो, रोजाचा दर ठरतो आणि पिकअप भरून माणसं द्राक्षबागांत जातात. छाटणी, विरळणी, काढणी ही कामं बऱ्याच अंशी याच हातांवर चालतात.

या बागांतली सगळीच द्राक्षं खाण्यासाठी नसतात. काही घडांचे मणी बारीक, काळेभोर, जाड सालीचे. तोंडात टाकला तर गोड रसापाठोपाठ साल आणि बी तुरट लागते. शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों ही त्यातली मुख्य नावं. शिराझ मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, तिथे तिला सिरा म्हणतात. कॅबरने बोर्दोची. जव्हारहून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर फ्रान्सच्या या दोन वेली गेली पंचवीसेक वर्षं रुजल्या आहेत. तरीही त्यांच्यापासून होणाऱ्या रेड वाइनचा सगळ्यात सुंदर गुण आपल्याकडे फारसा कुणी अनुभवत नाही. तो गुण म्हणजे मुरणं.

हा शब्द मराठी स्वयंपाकघरातला आहे आणि तो इथे नेमका बसतो. कैरीचं लोणचं घातल्या दिवशी फोड करकरीत, मीठ वेगळं, मोहरी वेगळी, तिखट वेगळं. महिन्या-दोन महिन्यांनी त्या सगळ्याची मिळून एक चव होते. रेड वाइनचंही तसंच. ताज्या बाटलीत फळाचा वास, आंबटपणा, तुरटपणा आणि अल्कोहोल आपापल्या जागी उभे असतात. चांगल्या वाइनमध्ये ते तीन, पाच, आठ वर्षांत एकमेकांत मिसळतात. मुरणं हे फक्त लाख-लाख रुपयांच्या बाटल्यांचं वैशिष्ट्य आहे, असा समज पक्का बसला आहे. तो चुकीचा आहे. फ्रान्समध्ये दहा युरोंच्या आत मिळणाऱ्या अनेक रेड वाइन्स चार-पाच वर्षांत ओळखू न येण्याइतक्या सुधारतात. अट एवढीच की द्राक्ष योग्य हवं, वर्ष बरं हवं आणि जागा थंड हवी. तिसरी अट महाराष्ट्रात सगळ्यात अवघड आहे.

बाटलीत नेमकं काय घडतं? रेड वाइन द्राक्षाच्या रसाबरोबर साली आणि बिया आंबवून करतात. सालीतून रंग येतो, साल आणि बियांतून टॅनिन. कोरा चहा जास्त उकळला की जीभ खरखरीत होते, करवंद किंवा कच्चा आवळा चावला की तोंड आवळून येतं, त्याच गटातला हा पदार्थ. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. चहात दूध घातलं की तुरटपणा उतरतो, कारण टॅनिनला चिकटायला दुधातली प्रथिनं मिळतात. बाटलीत दूध नाही, पण वेळ आहे. टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे कण वर्षानुवर्षं एकमेकांशी जोडले जातात, मोठे होतात आणि शेवटी जड होऊन तळाशी बसतात. जुन्या बाटलीतला काळसर गाळ तो हाच. म्हणून जुनी वाइन रंगाने फिकी आणि चवीला मऊ होते. जांभळाच्या रसासारखा रंग आधी माणकासारखा लाल, मग कडेकडेने विटकरी आणि अखेर जुन्या कौलासारखा तपकिरी होत जातो.

यात हवेचाही हात आहे. लुई पाश्चरने १८६० च्या दशकात काचेच्या बंद नळ्यांत वाइन ठेवून पाहिली. काठोकाठ भरलेल्या नळीतली वाइन फारशी बदलली नाही. अर्धवट भरलेल्या नळीत, म्हणजे जिथे हवा होती तिथे, रंग उतरला आणि गाळ बसला. हवा फार झाली की वाइन कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी उतरते, आणखी बिघडली तर शिरका होतो. हवा अगदी थोडी, थेंबाथेंबाने मिळाली तर ती मुरते. चांगलं बूच आणि आडवी बाटली हे काम चोख करतात. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. बूच सुकलं की आक्रसतं आणि हवा आत शिरते.

आडव्या बाटलीची ही सोयही फार जुनी नाही. लंडनचा सॅम्युअल पीप्स याने एप्रिल १६६३ मध्ये आपल्या रोजनिशीत एका फ्रेंच वाइनची नोंद केली. नाव त्याने ऐकलं तसं ‘हो ब्रायन’ लिहिलं. ती बोर्दोची ओ-ब्रियों होती. त्या काळात वाइन पिंपांतून येई आणि पुढचा हंगाम येण्याआधी संपवत, कारण नंतर ती आंबे. बाटल्या बुटक्या, पोट सुटलेल्या. त्या आडव्या रचताच येत नसत. अठराव्या शतकात सरळ, लांबोळ्या बाटल्या सर्रास होऊ लागल्या आणि मगच वर्षानुवर्षं बाटली राखून ठेवण्याची रीत पडली. म्हणजे बाटलीत वाइन मुरवण्याची आवड बाटलीच्या आकारातून जन्माला आली.

आता कोणती बाटली राखायची? सगळ्याच वाइन मुरत नाहीत हे आधी मान्य करायला हवं. बाजारातली बहुतांश वाइन वर्षा-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते. दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणारी बोजोले नुव्हो तर पुढच्या उन्हाळ्याच्या आत संपवलेली बरी. पण त्याच बोजोलेत मोरगों आणि मुलाँ-आ-व्हाँ या जागांच्या नावाने विकली जाणारी वाइन गामे याच द्राक्षाची असूनही सहज पाच-सात वर्षं टिकते. जागेच्या नावाने एवढा फरक पडतो.

कमी पैशांत मुरवण्यासाठी सगळ्यात भरवशाचा प्रदेश म्हणजे ऱ्होनचं दक्षिण खोरं. ग्रनाश, सिरा आणि मूर्वेद्र या द्राक्षांच्या मिश्रणातून तिथली वाइन होते. नुसतं ‘कोत द्यु ऱ्होन’ लिहिलेली साधी बाटली तीन-चार वर्षं धरते. रास्तो, केरान, व्हॅकेरास अशा गावांची त्याहून जास्त. त्यानंतर बोर्दो. १८५५ च्या प्रतवारीत बसलेल्या बड्या वाड्यांच्या वाइनच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. पण फ्रोंसाक आणि कास्तियों या बाजूच्या भागांत किंवा ‘क्रू बुर्ज्वा’ लिहिलेल्या बाटल्यांत तेच कॅबरने आणि मर्लो पुष्कळ कमी पैशांत मिळतं. २०१० किंवा २०१६ सारख्या वर्षातली अशी बाटली आठ-दहा वर्षं सहज चालते. २०१३ हे बोर्दोत पावसाने बिघडवलेलं वर्ष. त्यातली साधी बाटली राखण्यात अर्थ नव्हता. लेबलावरचं साल वाचायचं ते याचसाठी.

नैऋत्य फ्रान्समधल्या माडिराँ या छोट्या पट्ट्याची दखल वेगळी घ्यायला हवी. इथलं द्राक्ष ताना. नावातच टॅनिनची आठवण आहे आणि तरुण वाइन इतकी तुरट असते की पहिल्या घोटाला तोंड सुकतं. तिला मऊ करता यावं म्हणून तिथल्याच पात्रिक ड्युकूर्नो यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टाकीतल्या वाइनमध्ये प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडण्याचं तंत्र काढलं. ते आज जगभर वापरलं जातं. पण ज्याच्याकडे सबुरी आहे त्याने माडिराँची बाटली विकत घ्यावी आणि सहा वर्षं विसरून जावी. कमी पैशांत मुरण्याचा एवढा मोठा फरक दाखवणारी दुसरी वाइन मिळणं कठीण. नैऋत्येतल्याच काओरची माल्बेक आणि लवार खोऱ्यातल्या शिनोंची कॅबरने फ्राँ यांचीही जातकुळी हीच.

मुरणं कळायचं तर एकेक वेगळी बाटली घेऊन भागत नाही. एकाच वाइनच्या, एकाच सालच्या सहा बाटल्या घ्याव्यात आणि पहिली लगेच उघडावी. तिच्यावाचून पुढच्या पाचांना मोजमाप नाही. मग वर्षाला एक. प्रत्येक वेळी वहीत तारीख, रंग, वास, चव, दुसऱ्या दिवशी काय झालं हे चार ओळींत लिहायचं. ही वहीच खरा ठेवा आहे. जिभेची आठवण वर्षभर टिकत नाही.

चाखण्यासाठी पन्नास मिलिलिटर पुरे, आणि घोट तोंडात घोळवून थुंकून टाकण्यात काहीच गैर नाही. चाखणं हेच ज्यांचं काम आहे ते तसंच करतात. पेला तळाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता हवा. तो पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहायचा, कारण वय आधी कडेला दिसतं. मग न हलवता वास, मग पेला गोल फिरवून पुन्हा वास. फ्रेंच पुस्तकांत ब्लॅकबेरी, ब्लॅककरंट असे शब्द येतात आणि ते फळ न खाल्लेला मराठी वाचक बिचकतो. त्याने जव्हारचं रान आठवावं. तरुण ऱ्होन वाइनमध्ये पिकलेल्या करवंदाचा, जांभळाचा वास येतो आणि मागून काळी मिरी. ही मिरी नुसती कल्पना नाही. सिरा द्राक्षातल्या त्या वासाचं मूळ रोटुंडोन नावाचं संयुग असल्याचं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं, आणि तेच संयुग मिरीतही असतं.

चार-पाच वर्षांनी करवंद मागे सरतं. सुकं अंजीर, तंबाखूचं पान, कमावलेलं चामडं, पावसात भिजलेला पालापाचोळा, अळंबी असे वास वर येतात. तुरटपणा असतो, पण टोचत नाही. मध्ये एक विचित्र टप्पाही येतो. काही वाइन तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुक्या होतात. फळाचा वास गेलेला असतो आणि नवा आलेला नसतो. अशा वेळी बाटली बिघडली असं समजून बाकीच्या वाटून टाकणारे बरेच असतात. थांबणाऱ्याला बहुधा फळ मिळतं. ओल्या गोणपाटाचा किंवा कुजक्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र तो बुचाचा दोष असतो आणि कितीही थांबलं तरी जात नाही.

जेवणाबरोबर घ्यायची असेल तर तिखट जाळ रस्सा टाळावा. मिरचीच्या जहाल चवीपुढे टॅनिन आणखी टोचतं. भाजलेलं मटण, कमी मसाल्याची अळंबीची भाजी, लोणी लावलेली भाकरी यांच्याशी तिचं जमतं.

आता जागेचा प्रश्न. वाइन राखण्यासाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान उत्तम, आणि ते वर्षभर जवळपास सारखं हवं. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. म्हणजे मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत ठेवलेली बाटली चौपटीने म्हातारी होते. त्यात सुंदर काही नसतं, कारण सगळ्या क्रिया सारख्या वेगाने वाढत नाहीत. फळ शिजल्यासारखं लागतं, वाइनचा मुरांबा होतो.

यावर उपाय म्हणून लोकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते तळघर. फ्रान्समध्ये तळघर चालतं, मग इथे का नाही? कारण जमिनीखाली काही मीटर खोल गेलं की तापमान त्या जागेच्या वार्षिक सरासरीवर येऊन थांबतं. बोर्दोत ही सरासरी १३-१४ अंशांच्या घरात आहे. शँपेनच्या खडूच्या खाणींत तर १० ते १२ अंश मिळतात. नाशिकची वार्षिक सरासरी २५ अंशांच्या आसपास. इथे कितीही खोल खणलं तरी तळघर स्थिरता देतं, थंडी देत नाही. जव्हारसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे तळघरात जुलैमध्ये झरे फुटतील आणि लेबलांवर बुरशी चढेल. शिरपामाळावर डिसेंबरच्या रात्री अंगावर काटा येतो हे खरं, पण बाटलीला डिसेंबर पुरत नाही. तिला मेही काढायचा असतो.

त्यामुळे सह्याद्रीच्या या कुशीत, किंवा पुण्या-मुंबईत, तीन वर्षांहून अधिक काळ वाइन राखायची तर वाइनसाठीचं छोटं शीतकपाट घेण्याला पर्याय नाही. तेही नसेल तर घरचा फ्रिज. चार-पाच अंशांत वाइन जवळजवळ झोपून राहते, बूच सुकण्याचा धोका असतो, पण वर्षभरासाठी तो माळ्यावरच्या उकाड्यापेक्षा कितीतरी चांगला. फ्रिजच्या वरचा कोनाडा, ओट्याशेजारचं कपाट आणि काचेची शोकेस या तीन जागा मात्र सर्वांत वाईट, आणि नेमक्या याच जागी भेट म्हणून आलेल्या बाटल्या वर्षानुवर्षं उभ्या दिसतात. प्रकाशही वाइन नासवतो. हिरव्या-तपकिरी काचा केवळ शोभेच्या नसतात.

उन्हाळा आपल्या घरी येण्याआधीच बाटलीला गाठतो हीसुद्धा एक अडचण. जहाजावरचा कंटेनर, बंदरातलं आवार, वातानुकूलन नसलेलं गोदाम. तापलेली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. म्हणून दुकानात बाटली हातात घेतल्यावर बूच किंचित वर आलंय का, झाकणाखाली चिकट ओघळ आहे का, मानेतली पातळी खाली गेली आहे का, हे पाहून घ्यावं. आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के मूळ सीमाशुल्क राहिलं आणि त्यावर राज्याचे कर. फ्रान्समधली सात युरोंची बाटली इथे येईपर्यंत स्वस्त उरत नाही. एवढे पैसे मोजताना बाटली उलटीसुलटी करून पाहण्यात संकोच कसला? महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो, तेव्हा बाटल्या जमवण्याआधी परवाना आणि साठ्याची मर्यादा यांचीही चौकशी करावी.

ज्यांना फ्रेंच बाटली परवडत नाही त्यांनी घाट चढून पाहावं. मोखाड्याहून खोडाळा, वैतरणेच्या बाजूने घोटीकडे आलं की इगतपुरी तालुक्यात सांजेगाव-कावनईचा परिसर लागतो. ग्रोव्हर-झांपा आणि व्हॅलोन या वायनरी तिथे आहेत. नाशिकजवळ आणि दिंडोरीत सुला आहे. राजीव सामंत यांनी तिची सुरुवात १९९९ मध्ये केली, तिची पहिली वाइन २००० मध्ये आली आणि त्यानंतर राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्याच्याही आधी नारायणगावात श्यामराव चौगुले यांच्या इंडाजने १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन करून परदेशी पाठवली होती. अकलूजच्या फ्रातेली वायनरीत इटालियन तज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली ‘सेत्ते’ ही सांजोव्हेसे आणि कॅबरनेची वाइन होते.

नाशिकच्या वेलीचं वर्ष फ्रान्सच्या उलटं चालतं. इथे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाळा सरता सरता फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. बोर्दोत फळ सप्टेंबरच्या उतरत्या उन्हात पिकतं. नाशिकला ते चढत्या उन्हात पिकतं. साखर झपाट्याने भरते आणि आंबटपणा लवकर उतरतो. वाइन लांब टिकण्यासाठी आंबटपणा लागतो, म्हणून इथल्या बहुतेक रेड वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच करतात आणि सुलासारख्या कंपन्यांनी त्यांना बुचाऐवजी फिरकीचं झाकण लावलं ते शहाणपणाचंच होतं. पण ओकच्या पिंपात ठेवलेल्या निवडक वाइन, उदाहरणार्थ सुलाची ‘रासा’ किंवा ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’, सहा बाटल्यांच्या प्रयोगाला पात्र आहेत. बाटली वायनरीतूनच उचलली तर जहाजाचा उन्हाळाही टळतो. मराठी माणसाने आपल्याच मातीतल्या शिराझची चार-पाच वर्षांची वही लिहावी, यासारखं काम नाही.

जव्हार-मोखाड्यात पेयं मुरवायची रीत नाही. मोहाची ताजी काढतात आणि ताजीच संपते. ताडी तर सकाळची संध्याकाळी आंबट होते. तिकडे किनाऱ्यावर बोर्डीत चिकूची वाइन होते, तीही ताजीच गोड. पण मुरण्याची समज या भागाला परकी नाही. मोहाची फुलं वाळवून राखणं, नागलीचं बी पुढच्या पेरणीपर्यंत जपणं, कणगी शेणाने लिंपून धान्य थंड आणि कोरडं ठेवणं, यात बाटली राखणाऱ्याला हवी असलेली सगळी काळजी आहे.

सहावी बाटली उघडण्याच्या आदल्या दिवशी ती उभी करून ठेवावी, म्हणजे गाळ तळाशी जाईल. बूच ओढताना धक्का नको. जुनं बूच मधोमध तुटतं. मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा धरून वाइन एका धारेत काचेच्या सुरईत ओतायची आणि गाळाची पहिली काळी रेघ मानेशी दिसली की हात थांबवायचा. तळाशी दोन-तीन घोट उरतील, ते सोडून द्यायचे. वाइन सोळा ते अठरा अंशांवर प्यायला घ्यावी. तरुण वाइन सुरईत तासभर ठेवली तर खुलते. म्हातारीला तेवढा वेळ नसतो. तिचा वास पहिल्या वीस-तीस मिनिटांतच सगळ्यात भरात असतो, म्हणून वही आणि पेन आधीच जवळ घेऊन बसावं.